आमच्या सोसायटीच्या पाण्याचा हिशेब: गच्चीवरचा पाऊस, फ्लशची टाकी आणि टँकर

वळचण
रविवार, सकाळी १०.१५

पुण्याच्या पश्चिमेला टेकड्यांच्या कडेने जी उपनगरे वाढली, त्यांपैकी एका उपनगरात आमची सोसायटी आहे: चार इमारती, ११२ सदनिका आणि सुमारे ४०० माणसे. व्यवस्थापन समितीत गेली चार वर्षे पाण्याचे काम माझ्याकडे आहे. हे काम घेताना माझी ठाम समजूत होती की आपले दुखणे एकच, पाऊस पडतो आणि वाहून जातो. तो एकदा अडवला की मार्च ते जूनमधील टँकर बंद होतील. ही समजूत कशी मोडली त्याचा हिशेब येथे मांडते, कारण दर वर्षी मे महिन्यात पर्जन्यजल संकलनावर धागे निघतात आणि त्यांत आकडे फारसे कोणी मांडत नाही.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आमच्या चारही गच्च्यांचे क्षेत्रफळ मिळून १,८०० चौरस मीटर आहे. पुणे शहरात वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि बाष्पीभवन, पहिल्या सरीचे सोडून दिलेले पाणी व गळती यांपोटी पाचवा हिस्सा वजा केला, तर हाती सुमारे १० लाख लिटर उरतात. हा आकडा ऐकून समितीच्या बैठकीत टाळ्या पडल्या होत्या. मग सोसायटीचा रोजचा वापर मोजला. तो निघाला ८२,००० लिटर. म्हणजे वर्षभराचा सगळा पाऊस साठवता आला (तेवढी टाकी बांधायला जागा कुठे आहे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू), तरी तो बारा दिवसांत संपतो. बंगल्याचे गणित वेगळे असते, कारण तेथे चार माणसांच्या वाट्याला एक अख्खे छप्पर येते. आमच्याकडे एका माणसाच्या वाट्याला साडेचार चौरस मीटर गच्ची येते. इमारत जितकी उंच, तितका माणशी पाऊस कमी.

शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात आणि इमारतींच्या हिशेबात त्यांतले ४५ लिटर फ्लशचे असतात. आमचा वापर माणशी २०५ लिटर होता. जास्तीचे ७० लिटर जातात कुठे, हे शोधण्यासाठी पहिल्या वर्षी आम्ही चारही इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्यांतून खाली येणाऱ्या मुख्य नळांवर मीटर बसवले. मीटरच्या तबकडीत एक बारीकशी लाल चांदणी असते. थोडेसेही पाणी वाहू लागले की ती फिरते. रात्री दोन वाजता वॉचमनकाकांना घेऊन मी गच्चीवर गेले आणि बॅटरीच्या उजेडात चारही मीटर पाहिले. तीन इमारतींच्या चांदण्या थांबत होत्या, मध्येच कोणी उठले की फिरत होत्या आणि पुन्हा थांबत होत्या. ‘क’ इमारतीची चांदणी मात्र आम्ही उभे होतो तो पाऊण तास एकदाही थांबली नाही. अठ्ठावीस घरे गाढ झोपलेली आणि पाणी चालू.

दुसऱ्या दिवशी जिलेबीत घालतात तो केशरी रंग घेऊन आम्ही त्या इमारतीत घरोघरी फिरलो. फ्लशच्या टाकीत चिमूटभर रंग टाकायचा, वीस मिनिटे फ्लश ओढायचा नाही आणि मग भांड्यात डोकावायचे. भांड्यातले पाणी केशरी झाले असेल तर टाकीच्या तळाचा रबरी वॉशर गेलेला आहे. नऊ घरांत रंग खाली उतरला. ही गळती डोळ्यांना दिसत नाही, आवाजही करत नाही, पण पाच मिनिटांत एक लिटर म्हटले तरी दिवसाला २८८ लिटर होतात, म्हणजे दोन माणसांचे पाणी. चारही इमारतींतले वॉशर आणि गच्चीवरच्या टाक्यांचे बिघडलेले फ्लोट बदलल्यावर रोजचा वापर ७,००० लिटरने खाली आला. चार वर्षांतले सर्वांत स्वस्त काम हेच होते.

मोठा फरक पडला तो सांडपाण्यामुळे. बांधकामाचे क्षेत्र २०,००० चौरस मीटरहून अधिक असल्याने आमच्या प्रकल्पाला पर्यावरण परवानगी घ्यावी लागली होती आणि तिच्या अटींप्रमाणे बांधकाम व्यावसायिकाने सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे सगळे ज्याला एसटीपी म्हणतात ते, बांधून दिले होते. फ्लशसाठी स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र नळही टाकले होते. ताबा मिळाल्यावर वर्षभरातच ते केंद्र बंद पडले. कारण साधे होते. वीजबिल वाचवण्यासाठी रात्री हवेचा ब्लोअर बंद ठेवला जाई. हवा न मिळाल्याने टाकीतले जिवाणू मरत, मग दुर्गंधी सुटे, मग तक्रारी होत आणि मग दिवसाही ब्लोअर बंद. फ्लशच्या टाकीत टँकरचे पाणी भरले जात होते. पैसे मोजून आणलेले पाणी आम्ही संडासात ओतत होतो आणि गच्चीवरच्या पावसाबद्दल भाषणे करत होतो.

केंद्र पुन्हा चालू करायला आठ महिने लागले. आता रोज १७,००० लिटर फ्लशला तेथूनच जातात; वर्षाचे ६२ लाख लिटर होतात, गच्चीवरच्या पावसाच्या सहापट. ताज्या पाण्याचा वापर ८२,००० वरून ५८,००० वर आला आहे. टँकर पूर्ण थांबलेले नाहीत. मे महिन्यात अजूनही लागतात.

माझा प्रश्न असा आहे. प्रक्रिया होऊन रोज साधारण ६०,००० लिटर पाणी तयार होते. फ्लश आणि बाग मिळून २५,००० लिटर वापरतो आणि उरलेले गटारात सोडतो. त्याचे काय करावे? आणि दुसरे, बोअरच्या शेजारी पुनर्भरणाचा, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचा, जो खड्डा आहे, त्याचा खरोखर उपयोग होतो का? जाणकारांनी लिहावे.

तिसरा मजला
रविवार, दुपारी १२.०५

लेख चांगला आहे, पण ही सगळी समितीची कामे आहेत. सदनिकाधारकाने देखभाल शुल्क भरल्यावर रात्री दोन वाजता चांदण्या मोजाव्यात अशी अपेक्षा नसावी. शिवाय पुनर्भरणाच्या खड्ड्याचा उपयोग ‘होतो का’ असे विचारता. तो महापालिकेच्या मिळकतकरात सवलत मिळवण्यासाठी होतो. सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल यांपैकी एक असेल तर ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट मिळते. आमच्याकडेही खड्डा आहे. त्यावर सध्या कुंड्या ठेवलेल्या आहेत.

मुरूम
रविवार, दुपारी ३.४०

खड्ड्याबद्दल लिहितो. मी भूजलाच्या क्षेत्रात पंचवीस वर्षे काम केले आहे.

पुण्याखाली बेसाल्ट आहे, ज्याला आपण काळा कातळ म्हणतो. हा खडक स्पंजासारखा नसतो. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरमात, आणि त्याखालच्या खडकाच्या भेगांमध्ये. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा सापडतो. कधी त्याच्या वर पाणी अडते, कधी त्याच्या कडेने वाहते. या खडकाची पाणी देण्याची क्षमता फार कमी, म्हणजे आकारमानाच्या एक ते तीन टक्के असते. दोन टक्के धरले, तर एक हेक्टर जागेखाली एक मीटर जाडीच्या थरात केवळ २ लाख लिटर पाणी मावते. तुमचे १० लाख लिटर जमिनीत गेले तर त्या हेक्टरखालची पातळी पाच मीटरने वर येईल, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात ते पाणी तेथे थांबत नाही. भेगा जिकडे उतरतात तिकडे ते जाते आणि बहुधा तुमच्या खालच्या अंगाला असलेल्या सोसायटीच्या बोअरमधून वर येते.

म्हणून ‘आमच्या खड्ड्याचा आम्हाला उपयोग होतो का’ हा प्रश्न मुळात चुकीचा आहे, असे माझे मत आहे. तुमच्या बोअरमध्ये जे पाणी येते ते वरच्या अंगाला कोणीतरी मुरू दिले म्हणून येते. पुण्याच्या पश्चिमेकडील टेकड्या हेच शहराच्या पुनर्भरणाचे क्षेत्र आहे. तेथे काँक्रीट झाले की खाली राहणाऱ्यांनी कितीही खड्डे खणले तरी बोअर आटणारच. पुण्यातील ॲक्वाडॅम ही संस्था हेच अनेक वर्षे सांगत आली आहे, की भूजल ही सामायिक मालमत्ता आहे आणि खडकाचा नकाशा पाहिल्याशिवाय पुनर्भरणाची जागा ठरवू नये.

तरीही खड्डा ठेवा, पण तीन गोष्टी पाहा. तो मुरमापर्यंत पोहोचतो का? वरच्या अंगाला पाचशे फुटी बोअर मारून त्यात थेट गच्चीचे पाणी सोडलेले नाही ना? तसे असेल तर पक्ष्यांची विष्ठा आणि गच्चीवरचा कचरा सरळ खोल भूजलात जातो आणि तेथून तो काढता येत नाही. आणि वाळूचा थर शेवटचा कधी धुतला होता? गाळाने वाळू बुजली की खड्ड्यात पाणी तुंबते, मुरत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर खड्ड्यापाशी उभे राहा. पाणी काही तासांत उतरले नाही, तर तो खड्डा केवळ डासांच्या उपयोगाचा आहे.

वळचण
रविवार, सायंकाळी ६.२०

मुरूमकाका, मनःपूर्वक आभार. वाळू ‘शेवटची कधी धुतली’ याचे उत्तर आमच्याकडे ‘ताबा मिळाला तेव्हा’ असे आहे. या आठवड्यात उपसून धुवून घेते.

तिसरा मजला, तुमच्या कुंड्यांचे ऐकून वाईट वाटले. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे, पण ते चालू ठेवण्यासाठी कोणी येऊन पाहत नाही, हे खरेच आहे.

प्रयोगशाळा
रविवार, रात्री ९.५०

मी सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका आहे. पुनर्वापराचे कौतुक करण्याआधी एक प्रश्न विचारते: तुमच्या संडासांतील जेट स्प्रे कोणत्या नळावर आहेत?

बहुतेक घरांत भिंतीतून एकच अँगल कॉक बाहेर आलेला असतो आणि त्यालाच फ्लशची टाकी व जेट स्प्रे दोन्ही जोडलेले असतात. फ्लशला प्रक्रिया केलेले सांडपाणी येत असेल, तर तेच पाणी माणसाच्या अंगाला लागते. नव्या इमारतीत दोन वेगळे पॉइंट दिलेले असतात, पण घरमालक न्हाणीघराचे नूतनीकरण करून घेतो, मिस्त्री एक पॉइंट बुजवतो आणि दोन-तोंडी कॉक लावून मोकळा होतो. त्याला पाइपातले पाणी कोणते आहे हे ठाऊक नसते, कारण दोन्ही पाइप पांढरेच असतात.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा विहिरी आणि टँकरच्या पाण्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले. इमारतीच्या आतल्या जोडण्यांकडे कोणी पाहत नाही. पिण्याच्या पाण्यात घरातल्या नळापर्यंत किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन राहिले पाहिजे. ग्रामपंचायतीत जी ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करतात, तीच सोसायटीत करता येते: नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का पाहायचे. ज्या सोसायटीत पुनर्वापर आहे, तेथे ही चाचणी रोज झाली पाहिजे आणि वहीत लिहिली गेली पाहिजे.

वळचण
सोमवार, रात्री १०.३०

प्राध्यापकबाई, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही, हे प्रांजळपणे सांगते.

आज सकाळी अकरा ते एक आम्ही चारही इमारतींचा ताज्या पाण्याचा पुरवठा बंद ठेवला आणि घरोघरी जाऊन जेट स्प्रे दाबून पाहिले. ताजे पाणी बंद असताना ज्या घरात जेट चालला, ते घर चुकीचे जोडलेले. अकरा घरे निघाली. अकराही घरांत गेल्या तीन वर्षांत न्हाणीघराचे काम झालेले होते. एका घरात तर स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीतले वॉशिंग मशीनही फ्लशच्या नळावर होते. ‘कपड्यांना हल्ली वास येतो’ अशी त्या काकूंची तक्रार सहा महिन्यांपूर्वीच माझ्याकडे आली होती आणि मी त्यांना साबण बदलून पाहायला सांगितले होते.

अकराही जोडण्या तात्पुरत्या तोडल्या आहेत. फ्लशच्या नळांना शाफ्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, जांभळा रंग देण्याचे काम उद्यापासून सुरू होईल आणि यापुढे नूतनीकरणाला परवानगी देताना मिस्त्रीला प्लंबरकडून पाइप दाखवून घेणे सक्तीचे राहील. हे चार वर्षांपूर्वीच करायला हवे होते.

दुष्काळी पट्टा
मंगळवार, सकाळी ७.१०

लातूरहून लिहितो आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहरात पाणी आणावे लागले होते. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश लागू झाला होता. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जी शिस्त लागली ती अजून सुटलेली नाही. अंघोळीचे पाणी मोरीतून सरळ न सोडता घमेल्यात धरतात, त्याने फरशी पुसली जाते. कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी ड्रममध्ये साठते आणि संडासात बादलीने ओतले जाते. यात तंत्रज्ञान काही नाही. माझ्या आईला एसटीपी हा शब्द माहीत नाही.

तुमच्या ८२,००० लिटरचा आकडा वाचून मी आधी पुन्हा चष्मा पुसला. माणशी २०५ लिटर! आमच्याकडे त्या उन्हाळ्यात घराला आठवड्याला जे पाणी मिळे, ते तुमच्याकडे एक माणूस एका दिवसात वापरत होता. राग मानू नये, पण मीटर बसवण्याआधीही हा आकडा मोठा आहे हे कळायला हवे होते.

वळचण
मंगळवार, सकाळी ८.००

राग मुळीच नाही. टाकी भरलेली असली की आकडा विचारावासा वाटत नाही. टँकरचे बिल येऊ लागल्यावर आम्ही मोजायला लागलो.

बंगळूरकर
मंगळवार, दुपारी १.२५

येथे मार्च २०२४ मध्ये बोअर आटले तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने गाड्या धुणे, बागा आणि बांधकाम यांसाठी पिण्याचे पाणी वापरल्यास ५,००० रुपये दंड लावला आणि हॉटेले व व्यापारी इमारतींमध्ये नळांना एरेटर बसवणे बंधनकारक केले. एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाशी बसणारी जाळी. पाण्यात हवा मिसळते, धार भरीव वाटते आणि मिनिटाला दहा-पंधरा लिटर सोडणारा नळ तीन ते सहा लिटरवर येतो. बेसिन आणि स्वयंपाकघरातील नळाला तो जरूर लावावा. बादली भरण्याच्या नळाला लावून उपयोग नाही, कारण बादली ती बादलीच राहते, फक्त भरायला वेळ लागतो आणि घरकाम करणाऱ्या मावशी वैतागून जाळी काढून ठेवतात. हा माझ्या घरचाच अनुभव आहे.

दर घरी मीटर लावण्याबद्दल कोणी लिहिले नाही. आमच्या सोसायटीत ते झाले आणि बिल वापराप्रमाणे येऊ लागल्यावर गळका फ्लश दुरुस्त करायला कोणाला सांगावे लागले नाही. अडचण एवढीच की जुन्या इमारतींत एका सदनिकेला चार-पाच ठिकाणांहून पाणी येते: स्वयंपाकघराचा एक शाफ्ट, दोन न्हाणीघरांचे दोन, बाल्कनीचा एक. प्रत्येक शाखेवर वेगळा मीटर बसवावा लागतो आणि खर्च चौपट होतो.

वळचण
मंगळवार, दुपारी २.४०

आमच्याकडे घरामागे चार जोड आहेत, म्हणजे ४४८ मीटर. सर्वसाधारण सभेत हा ठराव दोनदा नामंजूर झाला. पहिल्यांदा खर्चामुळे आणि दुसऱ्यांदा एका सभासदाने ‘आमच्याकडे पाहुणे फार येतात’ असे सांगितल्यामुळे.

पन्हळ
मंगळवार, सायंकाळी ५.१५

धागा सदनिकांचा आहे, तरी घराच्या छपराबद्दल चार ओळी लिहितो, कारण वरच्या हिशेबामुळे पाऊस साठवणे व्यर्थ आहे असा समज होऊ नये.

रत्नागिरी जिल्ह्यात आमचे कौलारू घर आहे, छप्पर १५० चौरस मीटर. आमच्याकडे पाऊस ३,००० मिलिमीटर, म्हणजे छपरावर वर्षाला साडेचार लाख लिटर पडतात; आणि तरीही एप्रिलमध्ये विहीर तळ गाठते. जांभा दगड पाणी पटकन पितो आणि तितक्याच लवकर झऱ्यांवाटे उतारावर सोडून देतो. म्हणून आम्ही १२,००० लिटरची फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेली, टाकी बांधली आहे. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत चार माणसांना पिण्याला व स्वयंपाकाला माणशी २० लिटर धरले तरी ९,६०० लिटर लागतात. तेवढे तिच्यात असतात. बाकीची कामे विहिरीवर होतात.

टाकी मृगात भरायची नाही. कौलांवर वर्षभराची धूळ, शेवाळ आणि पालापाचोळा असतो. पहिले आठ-दहा दिवस पन्हळीचे तोंड बाहेर वळवून ठेवतो आणि पागोळ्यांचे पाणी वाडग्यात घेऊन पाहतो. ते नितळ दिसू लागले की तोंड टाकीकडे फिरवायचे. टाकीला उजेड लागू देत नाही, म्हणून शेवाळ धरत नाही, आणि हवेच्या नळीला मच्छरदाणीची जाळी बांधलेली आहे. मार्चमध्ये झाकण उघडले तर पाणी थंडगार असते. मुंबईचे पाहुणे आधी वास घेतात आणि मग दुसरा तांब्या मागतात.

पेठकर
मंगळवार, रात्री ८.४५

पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत दगडी भुयारातून पाणी आणले, तेव्हा त्या भुयारावर जागोजागी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी उभी तोंडे, ठेवले होते. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल, ही सोय बांधतानाच केलेली होती. आमच्या सोसायटीच्या पुनर्भरण खड्ड्याचे झाकण मात्र मिस्त्रीने पेव्हर ब्लॉकखाली कायमचे बंद करून टाकले आहे.

मुरूम
बुधवार, सकाळी ९.३०

वळचण ताई, तुमचा पहिला प्रश्न अनुत्तरितच राहिला: उरलेले ३५,००० लिटर. पुण्यात बांधकामांसाठी प्रक्रिया केलेले पाणी वापरण्याचा नियम आहे आणि तुमच्या आजूबाजूला इमारती उभ्या राहत आहेत. काँक्रीट कालवण्यासाठी पाण्याची चाचणी लागेल, पण धूळ बसवणे आणि रस्त्यावर फवारणे यांसाठी तुमचे पाणी पुरेसे आहे. तुमच्या दारात पाण्याचे टँकर भरून येतात आणि रिकामे जातात. त्यांतल्या एखाद्याने भरून परत जायला हरकत नसावी, फक्त तो टँकर पुन्हा पिण्याच्या पाण्यासाठी वापरला जाऊ नये, याची लेखी हमी घ्या. जमिनीत मात्र हे पाणी मुरवू नका. तुमच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रेट किती आहे हे नियमितपणे तपासल्याशिवाय ते भूजलात सोडणे म्हणजे खालच्या अंगाच्या बोअरवाल्यांवर प्रयोग करणे आहे.

वळचण
बुधवार, रात्री ९.१०

टँकर भरून पाठवण्याची कल्पना समितीपुढे ठेवते. वेगळा टँकर आणि त्यावर ठळक अक्षरांत सूचना, या दोन अटींशिवाय मी स्वतः त्याला होकार देणार नाही. अकरा जेट स्प्रे पाहिल्यानंतर माझा लोकांच्या स्मरणशक्तीवर विश्वास उरलेला नाही.

प्रक्रिया केंद्र नीट चालले आहे हे रोज कसे कळते, अशी एका व्यक्तिगत संदेशात विचारणा झाली होती, तिचे उत्तर येथेच देते. रोज सकाळी आमचा ऑपरेटर हवेच्या टाकीतले पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरतो आणि अर्धा तास हात न लावता ठेवतो. तपकिरी गाळ खाली बसतो आणि वर पाणी नितळ राहते. गाळाची रेघ ३०० ते ४०० मिलिलिटरच्या खुणेपाशी आली की सगळे ठीक. रेघ फार खाली असेल तर जिवाणू कमी झाले आहेत. गाळ बसतच नसेल तर काहीतरी बिनसले आहे, बहुधा कोणीतरी ड्रेनेजमध्ये ॲसिड किंवा फिनेल भरपूर ओतलेले असते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी साफसफाई होते तेव्हा दर वर्षी हेच होते. फ्लशचे पाणी पिवळसर दिसते ही तक्रार कार्बन फिल्टर बसवल्यावर थांबली. ब्लोअर आता रात्री बंद करत नाही. त्याचे वीजबिल येते आणि ते मी दर सभेत टँकरच्या जुन्या बिलाशेजारी ठेवून वाचून दाखवते.

प्रयोगशाळा
बुधवार, रात्री ९.५५

आणखी एक छोटी गोष्ट. पुण्याच्या धरणांचे पाणी मुळातच मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, आहे आणि तरी घरोघरी आरओ लावलेले आहेत. एक लिटर शुद्ध पाण्यासाठी जुने यंत्र दोन-तीन लिटर बाहेर टाकते. विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी असतील तेथे आरओची गरज नाही, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटले होते. टँकरचे बोअरचे पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी. आधी क्षार मोजा आणि मग यंत्राचे ठरवा. आरओ ठेवायचाच असेल तर बाहेर पडणारे पाणी बादलीत धरा. लादी पुसायला ते उत्तम चालते.

तिसरा मजला
शनिवार, रात्री ११.२०

‘समितीची कामे’ असे मीच वर लिहिले होते, म्हणून कळवतो. आज संध्याकाळी घरी कोणी नसताना जिलेबीचा रंग आणून तिन्ही फ्लशच्या टाक्यांत टाकला. पाहुण्यांच्या संडासात काही झाले नाही. मुलांच्या संडासात वीस मिनिटांनी भांड्याच्या कडेला बारीक केशरी रेघ दिसू लागली. आमच्या खोलीतल्या संडासात मात्र मी टाकीचे झाकण परत बसवून वाकेपर्यंत सगळे भांडे केशरी झालेले होते. प्लंबरला उद्या सकाळी बोलावले आहे. खड्ड्यावरच्या कुंड्या उचलायला दोन माणसे लागतील, त्या पुढच्या रविवारी.